हरवलेली बोरमाळ आणि मन ओळखणारी पोरगी: मंगळवार पेठेतलं एक प्रकरण

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात दहा वर्षांची पोरगी आहे, पाचवीत शिकते, आणि आईच्या मनातलं ती ओळखते असं आधी घरचे, मग गल्लीतले आणि नंतर पार कळंब्यापर्यंतचे पाहुणे सांगायला लागले. आईनं एक ते दहातला एक आकडा मनात धरायचा, पोरीनं डोळ्याला ओढणी बांधून समोर बसायचं, एकेक आकडा हळूहळू म्हणत जायचं आणि शेवटी एकावर थांबायचं. बहुतेक वेळा बरोबर. आत्याच्या मिस्टरांनी त्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथनं तो गावभर गेला. पोरगी लहान आहे, तिला ह्याच गावात मोठं व्हायचंय, म्हणून तिला इथं नुसतं छोटी म्हणतो आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि असले दावे तपासणारे आम्ही काही मित्र आहोत. तिच्या वडिलांचा मला फोन आला तो त्या व्हिडिओसाठी नाही, एका बोरमाळेसाठी आला. शेजारच्या काकूंची सोन्याची बोरमाळ हरवली होती. काकू छोटीकडं आल्या, समोर बसल्या, त्या दिवशी घरात कोण कोण होतं त्यांची नावं तिला सांगितली आणि म्हणाल्या बघ बाळा कुणी घेतली. छोटीनं डोळे बांधून एकेक नाव म्हटलं आणि काकूंच्या धाकट्या सुनेच्या नावावर थांबली. त्या घरात त्या रात्री काय झालं असेल ते सांगायला नको, दुसऱ्या दिवशी सून लेकराला घेऊन गडहिंग्लजला माहेरी निघून गेली. छोटीचे वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात, कामावरनं आल्यावर त्यांना हे कळलं आणि त्यांनी फोन केला. "सर, माझ्या पोरीमुळं कुणाचं घर मोडायला नको. खरं असंल तर खरं म्हणा, नसंल तर नाही म्हणा, पण एकदा येऊन बघा."

त्यात अजून एक गोष्ट चालू होती. मुलांचा मेंदू ‘अॅक्टिव्हेट’ करून देतो, मग पोरं डोळ्यावर पट्टी बांधून पुस्तक वाचतात असं सांगणारा एक क्लास आहे, त्यांना छोटी त्यांच्या बॅनरवर पाहिजे होती. फी माफ, वर पोरीचं नाव होईल असं आमिष. ते ज्याला मिडब्रेन म्हणतात तो मेंदूचा मधला भाग आपल्या सगळ्यांचा जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांची हालचाल, आवाजाकडं मान वळणं, जागं राहणं हे सगळं त्याच्या मदतीनं चालतं, तो कुणी शिबिरात चालू करून द्यावा असा बंद नसतो. आणि पट्टी कितीही जाड असली तरी नाकाच्या दोन्ही बाजूला फट राहते, खाली धरलेलं पुस्तक तिथनं दिसतं. हे जादूगारांना कित्येक पिढ्यांपासून माहीत आहे. पण छोटीचं प्रकरण तसं नव्हतं हे मला व्हिडिओ बघूनच जाणवलं होतं, कारण आईच्या मनातला आकडा कुठं लिहिलेलाच नव्हता, फटीतनं बघायला काहीच नव्हतं.

त्या घरी गेल्यावर दोन गट दिसले. आजी आणि आत्या म्हणत होत्या हे अंबाबाईचं देणं आहे. छोटीचा कॉलेजला जाणारा चुलतभाऊ म्हणत होता मायलेकींनी काहीतरी खूण ठरवलीय, सगळं नाटक आहे. छोटीची आई मधे गप्प बसून होती, तिच्या तोंडावर अपमान स्पष्ट दिसत होता. मला ह्या ‘शक्ती का लबाडी’ भांडणाचा फार राग येतो, कारण तिसरी शक्यता असते आणि तीच सगळ्यात जास्त वेळा खरी निघते: कुणीही खोटं बोलत नाही, आणि मनही कुणी वाचत नाही. दोन्ही गट इतके जोरात ओरडत असतात की तिसरीकडं कुणी बघतच नाही, आणि मग एकतर पोरीची देवी होते नाहीतर आई चोर ठरते.

आमच्या गावात असल्या कामाला अजून एक अडचण आहे, ती मोकळेपणानं सांगतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, १६ फेब्रुवारी २०१५ ला इथं कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या आणि २० तारखेला ते गेले. त्यानंतर दारात कुणी तपासणीवाला आला की घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो भांडणाचा. म्हणून मी आधी आजींशीच बोललो. आजी म्हणाल्या, "देवीचं देणं हाय ते, त्याला तुमी मोजणार कशानं?" मी म्हणालो, "आजी, देवी आहे का नाही हे मी मोजायला आलोच नाही. छोटीला आईच्या मनातलं कळतं असं तुम्ही म्हणताय, तेवढंच बघायचं. कळत असेल तर आई शेजारच्या खोलीत असली तरी कळेल का?" आजी लगेच म्हणाल्या, "कळंलच की. आईचं मन ते, भिंत काय अडवतीय?" ते वाक्य मी आजींच्या परवानगीनं वहीत लिहून घेतलं. दावा काय आहे हे दावा करणाऱ्याच्याच तोंडून, टेस्टच्या आधी, लिहून घेणं ही माझ्या मते सगळ्या तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, बाकी सगळं नंतर.

मला ती तिसरी शक्यता का सुचली तर ती एका घोड्यामुळं. जर्मनीत बर्लिनला विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा होता, गणित विचारलं की खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकारानं एक समिती बसली, तिला कसलीही लबाडी सापडली नाही, आणि लबाडी नव्हतीच. मग श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट यानं साधी गोष्ट केली, ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावला. घोड्याचं उत्तर चुकायला लागलं. विचारणारा माणूस दिसेनासा केला, तरी चुकायला लागलं. घोडा खूर आपटत बरोबर आकड्यापर्यंत आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, ताण सुटायचा, आणि घोडा थांबायचा. फुंग्स्टनं हे १९०७ मध्ये छापलं. त्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट अशी की त्यानं पुढं प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची जागा घेतली, समोरच्यानं मनात आकडा धरायचा, हा टकटक करत जायचा आणि चेहरा बघून थांबायचा, आणि बहुतेक लोकांचे आकडे त्याला असे ओळखता आले. आणि स्वतः प्रश्न विचारताना, सगळं माहीत असूनही, त्याला आपली ती हालचाल पूर्ण दाबता येत नव्हती.

छोटी पण एकेक आकडा म्हणत जाते आणि थांबते. पद्धत तीच.

डोळे बांधलेत म्हणजे खूण दिसणार नाही असं सगळे गृहीत धरत होते, पण कान कुणी बांधले नव्हते.

पहिल्या दिवशी मी काहीच बदललं नाही. जसं रोज करतात तसंच करा म्हणालो, दोन फोन लावले, एक छोटीवर आणि एक आईच्या हातांवर. आकड्यांऐवजी फक्त पाच चित्रांची कार्डं घेतली, गोल, अधिक, लाटा, चौकोन, चांदणी. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात ह्याच पाच चित्रांची पंचवीस कार्डं वापरून टेलिपथीचे, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचे, ढीगभर प्रयोग केले होते. आकडे सोडण्यामागं कारण आहे. एक ते दहात आकडा धर म्हटलं की माणसं सात जास्त धरतात, एक आणि दहा टाळतात, आणि मायलेकीच्या सवयी तर एकसारख्याच असणार, त्यामुळं नुसत्या अंदाजानंसुद्धा ओळखायचं प्रमाण वाढतं. कार्डं जाड घेतली, पाठीमागनं चित्र उमटत नाही ना हे ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं, पत्ते आईनं निवडायचे नाहीत, क्रम चिठ्ठ्या टाकून आधीच ठरलेला.

पंचवीसपैकी २१ बरोबर आले. अंदाजानं पाच यायला पाहिजेत. खोलीत सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि खरं सांगतो, समोर बसून बघताना अंगावर काटा येतो. चुलतभाऊ परत खुणेचं बोलायला लागला, मी त्याला थांबवलं आणि घरी जाऊन व्हिडिओ बघितला. आईच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, हात मांडीवर, बोटांत पदराचं टोक. छोटी म्हणते "गोल", काही नाही. "अधिक", काही नाही. "लाटा", आणि बरोबर कार्ड लाटांचंच असलं तर आई पदराचं टोक चिमटीत धरते आणि बांगड्या अगदी बारीक किणकिणतात. श्वासही थांबतो. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक वेळा. ज्या चार वेळा छोटी चुकली त्यातल्या दोन वेळा बाहेरनं मोटारसायकल गेली होती.

पण व्हिडिओत दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नसतं. मला जे बघायचंय तेच मला दिसलं असंही असू शकतं, आजींना देवी दिसते तसं मला घोडा दिसेल. म्हणून टेस्ट अशी पाहिजे की तिन्ही शक्यतांची उत्तरं वेगवेगळी येतील. आई समोर आहे आणि कार्ड बघते, आई समोर आहे पण कार्ड पालथंच धरते, आणि आई दुसऱ्या खोलीत आहे आणि कार्ड बघते. पोरीला जर कार्डच कळत असेल तर तिन्हींत जमलं पाहिजे. आईचं मन कळत असेल तर पहिल्यात आणि तिसऱ्यात जमलं पाहिजे, दुसऱ्यात नाही. आणि बांगड्या नि श्वास कळत असेल तर फक्त पहिल्यात. वडिलांना हे एका दमात पटलं. म्हणाले, "म्हणजे आमच्याकडं गो-नो-गो गेज असतंय तसं. जॉब गेजात जातो का नाही, मग ऑपरेटरनं काय पण सांगू दे."

अटी एका कागदावर मराठीत लिहिल्या आणि सगळ्यांनी सह्या केल्या, आजींनी पण. दुसऱ्या खोलीतली टेस्ट शंभर कार्डांची, पंचवीसच्या चार फेऱ्या, दोन रविवारी. अंदाजानं शंभरात वीसच्या आसपास येणार. ३३ किंवा जास्त आले तर दावा पुढं न्यायचा, मोठ्या आणि अजून कडक टेस्टला, कारण नुसत्या नशिबानं ३३ किंवा जास्त येण्याची शक्यता हजारात एक-दोन एवढीच असते. त्याच्या खाली आलं तर दावा सिद्ध झाला नाही असं म्हणायचं. हा आकडा टेस्टच्या आधी ठरवायचा, नंतर नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ साली पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली तेव्हाही असंच केलं होतं, हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस, आणि पास व्हायला किती बरोबर लागतील ते आधीच ठरलेलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणं उडवून आली असती तेवढीच.

प्रत्येक कार्डानंतर बरोबर का चूक ते छोटीला सांगायचं नाही असंही ठरलं. आत्याला हे क्रूर वाटलं, पोरीला हुरूप कसा येणार म्हणाल्या. पण पंचवीसच्या गठ्ठ्यात प्रत्येक चित्र पाचच वेळा असतं, पुढंपुढं काय उरलंय हे कळत गेलं तर कुठल्याही शक्तीशिवाय पाचच्या जागी सरासरी साडेआठच्या वर बरोबर यायला लागतात. पर्सी डायकोनिस नावाच्या गणितज्ञानं, जो आधी जादूगार होता, १९७८ मध्ये टेलिपथीच्या प्रयोगांतल्या अशाच पळवाटांवर लिहिलंय. म्हणून आम्ही गठ्ठ्याचा हिशोबच सोडला, प्रत्येक कार्ड नव्यानं चिठ्ठी टाकून ठरवलं, आणि हुरूप यावा म्हणून मधे मधे फेरीच्या बाहेरची उघडी कार्डं ठेवली.

क्रम माझ्या एका मित्रानं त्याच्या घरी बसून काढला आणि पाकिटात बंद करून दिला, तो मला पण माहीत नव्हता. आईजवळ चुलतभाऊ बसला, छोटीजवळ वडील, आणि वडिलांना कार्ड दिसत नव्हतं. मोबाईलच्या टायमरवर दर तीस सेकंदांनी आवाज, कारण ‘झालं’ असं म्हणायच्या पद्धतीतनं किंवा वेळातनंसुद्धा खूण जाते. लंडनला १८८२ साली मानसिक शक्तींचा अभ्यास करायला जी संस्था निघाली तिच्या सुरुवातीच्या सगळ्यात गाजलेल्या केसेसपैकी एक होती क्रीरी नावाच्या पाद्र्याच्या मुलींची, मोठमोठ्या विद्वानांनी त्यांना टेलिपथी आहे म्हणून सांगितलं, आणि काही वर्षांनी त्याच मुली एकमेकींना खुणा करताना सापडल्या. विद्वान हुशार होते, पण पोरींना एका खोलीत बसवत होते.

आजींची एक अट होती, शंका घेणारं कुणी जवळ नको. मला ती अट पूर्ण मान्य होती. मी आणि मित्र बाहेर सोप्यात बसलो, आत फक्त घरचीच माणसं. शंकेखोराच्या नजरेमुळं शक्ती चालली नाही असं नंतर म्हणायला जागा उरत नाही, आणि मला ही गोष्ट तपासणाऱ्याची गैरसोय वाटत नाही, उलट टेस्ट त्यानं जास्त भक्कम होते.

निकाल असे आले. आई समोर, कार्ड बघून: पंचवीसपैकी २०. आई समोर, कार्ड पालथं: ४. आई दुसऱ्या खोलीत, चार फेऱ्यांचे ५, ४, ८ आणि ५, म्हणजे शंभरपैकी २२.

आजी म्हणाल्या, "वीसपेक्षा दोन जास्तच हायत की!" त्यांचं चुकत नव्हतं, आकडा जास्तच आहे, म्हणून त्यांना चिडून उत्तर देणं बरोबर नाही. चौकोनी पत्त्यांऐवजी वाटीत पाच रंगांचे मणी घातले, आजींनाच डोळे मिटून आधी रंग म्हणायला लावला आणि मग मणी काढायला. पहिल्या शंभरात त्यांचे वीसच्या खाली आले, परत केल्यावर वर गेले. अंदाज म्हणजे बरोबर वीस नसतं, बाराच्या आणि अठ्ठावीसच्या मधे कुठंही ते हेलकावतं. हे आजींना पटलं. आत्याला पटायला वेळ लागला, कारण त्यांनी तिसरी फेरी धरून ठेवली होती, आठ आलेले, ती दुसऱ्या रविवारची सकाळची पहिली फेरी होती, पोरगी ताजी होती, म्हणजे सकाळी शक्ती चालते. आता चार फेऱ्या घेतल्या तर त्यातल्या एका तरी फेरीत नुसत्या अंदाजानं आठ किंवा जास्त येण्याची शक्यता तिनात एकापेक्षा जास्त आहे. निकाल हातात आल्यावर त्यातला बरा तुकडा शोधायचा आणि त्याला कारण चिकटवायचं, हे आत्याच करतात असं नाही, भले भले शास्त्रज्ञ करतात. २०११ मध्ये अमेरिकेतले नावाजलेले मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोग छापले, हजारावर माणसं घेतलेली, आणि निष्कर्ष असा की माणसाला भविष्याची चाहूल लागते. दुसऱ्यांनी, रिची, वाइझमन आणि फ्रेंच यांनी, त्यातला एक प्रयोग तसाच्या तसा तीन ठिकाणी केला, काहीच आलं नाही, ते २०१२ मध्ये छापलं गेलं. त्यावरनं मानसशास्त्रात केवढी उलथापालथ झाली, प्रयोगाची योजना आधी नोंदवून ठेवायचा आग्रह धरणाऱ्यांना जोर आला. सह्यांचा आमचा कागद म्हणजे तेच. त्यात सकाळ-संध्याकाळ असं काही लिहिलेलं नव्हतं. आत्याला म्हणालो, सकाळचा दावा असेल तर नवा कागद करू, नवी शंभर कार्डं, फक्त सकाळी. त्या म्हणाल्या बघू. अजून सांगितलेलं नाही.

मग एक छोटी टेस्ट केली, खूण नक्की कुठनं जाते ते बघायला. मधे दोरीवर चादर टाकली, आई दिसणार नाही पण ऐकू येईल. छोटीला जमत होतं. मग आईनं बांगड्या काढल्या, आजींना ते आवडलं नाही, म्हणून कोपरापर्यंत वर सरकवून रुमालानं बांधल्या, आणि स्वयंपाकघरातला मिक्सर चालू ठेवला. छोटी अंदाजावर आली.

खरं काम इथनं पुढं होतं. आईला व्हिडिओ दाखवायचा होता आणि मी तो सगळ्यांसमोर दाखवायला नकार दिला, वहिनी म्हणजे छोटीची आई, त्यांचे मिस्टर आणि मी एवढेच. वहिनी बघत राहिल्या, परत लावायला सांगितलं, आणि रडायला लागल्या. "सर, आईशप्पथ, मी मुद्दाम नाही केलं." मला माहीत होतं की त्यांनी मुद्दाम नाही केलं, मी त्यांना फुंग्स्टचं सांगितलं, सगळं कळत असूनही स्वतःचं डोकं त्याला आवरता आलं नाही. प्लँचेटची वाटी सरकते तेव्हा ती आपणच सरकवतो आणि आपल्याला कळत नाही, मायकेल फॅरेडेनं १८५३ साली टेबल सरकवणाऱ्या मंडळींच्या हातांचा जोर मोजून हे दाखवलंय, आणि ती मंडळी सगळी प्रामाणिक होती. शरीर मनाच्या मागं जातंच. मग वहिनींच्या मिस्टरांनी कार्ड बघितलं, बांगड्या नाहीत, हात मागं बांधलेले, छोटी समोर. त्यांचेही बरेच ओळखले गेले. ते स्वतःच म्हणाले, "श्वास. मला पण कळलं, मी थांबवतोय."

छोटीशी तिच्या आईनंच बोलावं असं ठरलं, मी बाजूला होतो. तिला विचारलं की तुला नेमकं काय होतं गं तेव्हा, तर ती म्हणाली, "बरोबरच्या नावावर हवा घट्ट होते." ह्या पोरीनं एका शब्दानंही खोटं सांगितलेलं नाही. तिला खरंच काहीतरी जाणवत होतं, फक्त ते कानातनं येतंय हे तिला माहीत नव्हतं, तिला वाटायचं आतनं येतंय. तिला आम्ही सरळ सांगितलं की मनातलं वाचता येत नाही, पण तुझं लक्ष फार बारीक आहे, दहा माणसांना ऐकू येत नाही ते तुला ऐकू येतं. पहिलं वाक्य गाळून दुसरंच सांगायचा मोह सगळ्यांना होत होता. मी आग्रह धरला की दोन्ही सांगायची. लहान पोराला अर्धवट सांगितलं की ते उरलेलं अर्धं स्वतः जुळवतं आणि मग त्याच्या मानेवर ते ओझं राहतं.

आता बोरमाळ. काकू समोर बसल्या होत्या, नावं त्यांनीच दिली होती, आणि त्यांच्या मनात संशय आधीपासून धाकट्या सुनेवर होता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. छोटी नावं म्हणत गेली आणि सुनेच्या नावावर हवा घट्ट झाली. पोरीनं काकूंना काकूंचाच संशय परत दिला आणि काकूंनी तो साक्ष म्हणून घेतला. मंतरलेले तांदूळ चारून चोर शोधायची जुनी पद्धत आपल्याकडं आहेच, तिथंही ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याच्याकडंच सगळे रोखून बघत असतात, आणि भीतीनं तोंड कोरडं पडलेल्या माणसाला तांदूळ गिळवत नाही.

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालंय. १९९० च्या सुमाराला तिथं ऑटिझम असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांचा हात धरून कीबोर्डवर टाइप करवायची पद्धत आली, मुलं अचानक मोठमोठी वाक्यं लिहायला लागली, आईबाप आनंदानं रडले. काही मुलांच्या त्या टायपिंगमधनं वडिलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप आले, मुलं घरातनं काढून नेली. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात बारा मुलामाणसांवर आणि नऊ मदतनिसांवर साधी टेस्ट केली, दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवली आणि काय दिसलं ते लिहायला सांगितलं. मदतनिसाला जे चित्र दिसलं तेच लिहिलं गेलं. त्या मदतनिसांनाही मनापासून वाटत होतं की लिहितोय तो मुलगा. १९९४ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं ह्या पद्धतीला पुरावा नाही असं जाहीर केलं, पण त्या आरोपांत होरपळलेल्या घरांचं काय.

म्हणून ‘असू दे की, पोरगी आकडे ओळखते, कुणाचं काय बिघडतंय’ असं जे म्हणतात त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. आकड्यांपासून नावापर्यंत यायला छोटीला फार दिवस लागले नाहीत. आणि नावापर्यंत ती स्वतः आली नाही, मोठ्यांनी नेली.

क्लासवाल्यांना वडिलांनी नाही म्हणून कळवलं. व्हिडिओ आत्याच्या मिस्टरांनी काढून टाकला, पण तो फिरतोच आहे, त्याला आता इलाज नाही. वडिलांच्या सांगण्यावरनं मी निकालाचा एक पानी कागद दिला, त्यात आकडे आहेत आणि एक वाक्य मुद्दाम ठळक लिहिलंय की घरच्या कुणीही फसवणूक केल्याचं आढळलं नाही. चुलतभावानं तो वाचून वहिनींची माफी मागितली. आजींनी कागद देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलाय, त्या म्हणतात लक्ष बारीक दिलं ते पण तिनंच दिलं, आणि माझं त्यावर काही म्हणणं नाही, ते तपासायला मी गेलो नव्हतो.

वहिनी स्वतः काकूंकडं जाऊन आल्या. सगळं समजावून सांगितलं, माझ्या बांगड्यांमुळं होतं म्हणाल्या, छोटीनं सांगितलेलं धरू नका म्हणाल्या. काकूंनी चहा केला आणि म्हणाल्या, लेकराच्या तोंडातनं देव बोलतो, ते कसं खोटं असंल. बोरमाळ सापडलेली नाही. सून गडहिंग्लजलाच आहे. काकूंचा थोरला मुलगा मात्र वहिनींबरोबर आमच्याकडं आला आणि काही करता येईल का विचारलं.

काकूंना आकडेवारी दाखवून उपयोग नाही, त्यांना ते स्वतःच्या शरीरावर बघायला पाहिजे. त्यांनी बसायची तयारी दाखवलीय, छोटीसमोर नाही, माझ्यासमोर. गेले काही आठवडे मी शाळेतल्या सहकाऱ्यांवर सराव करतोय, डोळे मिटून, नावं हळू म्हणत, श्वास ऐकत, आणि बरेचदा जमतं. काकूंनी पाच भाजीवाल्यांतली एक मनात धरायची, कपिलतीर्थाच्या मंडईतली, जिच्यावर कसलाच आरोप नाही. मी ओळखली तर त्यांना विचारायचंय की माझ्यात कुठला देव आला, आणि मग त्याच खुर्चीवर थोरल्या मुलाला बसवून त्यांनाच डोळे मिटून ऐकायला लावायचंय. पुढच्या रविवारी सकाळी बसतोय, सुनेचा भाऊही गडहिंग्लजहून येणार आहे.